शीतनिद्रेतून उठलेल्या कासवाचं नाक गळतंय? आधी ऊब, मग पाणी, मग औषध, मग खाणं

मार्चमध्ये हर्मन किंवा स्पर-थाय या भूमध्य सागराकडच्या जातींचं, शीतनिद्रेसाठी थंडीत ठेवलेलं कासव फ्रिजमधून वा खोक्यातून बाहेर काढलं, पहिले एक-दोन दिवस बरे गेले आणि मग नाकपुडीवर बुडबुडा दिसला, तर बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. ‘सर्दीच आहे, उन्हात ठेवलं की जाईल’ म्हणून त्याला बागेत सोडतात, नाहीतर घाबरून त्याच्या तोंडाशी काकडीचे काप धरून बसतात. दोन्हींनी दुखणं वाढतं. या आजारात काय करायचं याइतकंच ते कोणत्या क्रमाने करायचं, हेही महत्त्वाचं असतं. तो क्रम शीर्षकातच दिला आहे. खाली त्याचा तपशील.

हा लेख मुख्यतः ब्रिटन आणि युरोपात राहणाऱ्या, भूमध्य सागराकडची कासवं पाळणाऱ्या मराठी घरांसाठी आहे. 1984 मध्ये या कासवांची व्यापारी आयात बंद झाली. त्याआधी आलेली पुष्कळ कासवं अजून जिवंत आहेत आणि एका घरातून दुसऱ्या घरात जात असतात. शेजारच्या आजीबाई वृद्धाश्रमात गेल्या आणि त्यांचं कासव आपल्याकडे आलं, असं बऱ्याच घरांत घडतं. अशा कासवाचं वय, पूर्वीचे आजार, आधीचे सोबती, यांतलं काहीच आपल्याला माहीत नसतं, हे मनात ठेवा.

भारतातल्या वाचकांसाठी लगेच सांगून टाकतो. आपलं तारा कासव अशी लांब शीतनिद्रा घेत नाही. त्याला फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे मारणं. शिवाय ते पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुणाकडे दिसलं तर महाराष्ट्रात वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. पुण्या-मुंबईत टाकीत पाळलेल्या लाल कानाच्या पाणकासवालाही न्यूमोनिया होतो, पण त्याचं लक्षण निराळं: ते पाण्यात एका कुशीवर कलंडून तरंगतं आणि त्याला बुडी मारता येत नाही. त्याचे उपचारही वेगळे, त्यामुळे पुढचा मजकूर त्याला जसाच्या तसा लावू नका.

झोपेतून उठल्यावरच का?

झोपेचे दोन-तीन महिने कासवाचं शरीर 5 अंशांच्या आसपास असतं. त्या थंडीत रोगप्रतिकारशक्तीही झोपलेली असते, आणि जागं होतं तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी वर्षातल्या सर्वांत कमी पातळीवर असतात. काही खाल्लेलं नसतं, पाणी कमी झालेलं असतं, रक्तात युरिया साठलेला असतो. जंतू मात्र बहुधा आधीपासूनच नाकात असतात. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू किंवा कासवांचा हर्पिस विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो आणि शरीर खचलं की डोकं वर काढतो.

त्यातच शरीराची ठेवणही कासवाच्या विरोधात जाते. त्याला आपल्यासारखा श्वासपटल नाही. हातापायांच्या आणि पोटाच्या स्नायूंनी आतल्या अवयवांवर दाब कमी-जास्त करून ते श्वास घेतं. आपल्यासारखं खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. फुप्फुसं पाठीच्या कवचाखाली, वरच्या बाजूला असतात, त्यामुळे खाली साचलेला चिकटा तिथेच राहतो. पूही आपल्यासारखा पातळ होत नाही, पनीरासारखा घट्ट गोळा होतो. म्हणून नाकापुरता आजार फुप्फुसांत उतरला की औषध पोचणं कठीण होतं आणि बरं व्हायला महिने लागतात.

इंग्लंडच्या वसंताचा वाटाही यात मोठा आहे. मार्चमध्ये ऊन दिसतं, पण हवा 10-12 अंश. अर्धवट जागं झालेलं कासव बागेत सोडलं की ना धड झोप, ना धड जाग. माझ्या मते शीतनिद्रेइतकेच हे नंतरचे गार दिवस कासवाला आजारी पाडतात.

पहिलं काम: नीट बघा

कासव दुखणं अंगावर काढणारा प्राणी आहे. लक्षणं दिसायला लागतात तोवर आजार जुना झालेला असतो. उजेडात धरा आणि पुढच्या गोष्टी तपासा.

नाकपुड्या कोरड्या, सारख्या आकाराच्या आणि मोकळ्या हव्यात. एकीच्या कडेला माती चिकटून वाळली असेल, तर तिथे ओल होती हे समजा, आत्ता बुडबुडा दिसो न दिसो. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, चकचकीत वाळलेला थर दिसतोय का तेही बघा. कासव नाक तिथे पुसतं. कासव पाळणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटणारी ही जागा.

पाणी पिऊन किंवा अंघोळ करून आल्यावर नाकातून एखादा स्वच्छ थेंब येतो, तो आजार नव्हे. तासाभराने पुन्हा बघा. दचकून डोकं आत ओढताना ‘फुस्स’ असा आवाज येतो, तोही नेहमीचा. पण शांत बसलेलं असताना श्वासाबरोबर शिट्टी, टकटक किंवा घरघर ऐकू आली, तर ते ठीक नाही. निरोगी कासवाचा श्वास कान लावूनही ऐकू येत नाही.

तोंड उघडून श्वास घेणं, मान ताठ पुढे काढून वर करणं, प्रत्येक श्वासाला पुढचे पाय भात्यासारखे आत-बाहेर होणं, तोंडातून फेस येणं, तोंडाचा आतला भाग पांढराफटक किंवा निळसर दिसणं, उचलल्यावर पाय लुळे लोंबणं: यांतलं एकही असेल तर लेख इथेच बंद करा आणि इमर्जन्सी व्हेटला फोन करा. जिभेवर पिवळट-पांढरा थर दिसला तर तोही तितकाच गंभीर. हर्पिसमध्ये तो येतो, आणि हर्मन कासवं त्याने पटकन दगावतात.

मग वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, पण तो यापुढे कासवाचाच. झोपण्याआधीच्या वजनाशी तुलना करा. संपूर्ण शीतनिद्रेत 10 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त घट झाली असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आकडे वहीत तारखेसह लिहा. श्वासाचा आवाज आणि हालचाल मोबाइलवर चित्रित करून ठेवा, कारण दवाखान्यात गेल्यावर कासव हटकून डोकं आत घालून बसतं.

ऊब

आता कासव घरात घ्या, आणि बाकीच्या कासवांपासून वेगळं, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याचं शरीर जंतूंशी लढतं ते फक्त उबेत. औषधही उबेतच रक्तात पसरतं आणि शरीराबाहेर पडतं. गार कासवाला अँटिबायोटिक देणं म्हणजे पैसे वाया घालवणं, आणि मूत्रपिंडांवर भार टाकणं ते वेगळंच.

एका टोकाला दिव्याखाली 32 ते 35 अंश, दिवसा बाकी जागेत 26 ते 28 अंश, आणि रात्री 20-22 च्या खाली नाही. निरोगी कासवाला रात्री थोडा गारवा चालतो, आजाऱ्याला नाही. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा. मोजमाप कासवाच्या पाठीच्या उंचीवर घ्यायचं. भिंतीवर चिकटवलेली ती थर्मामीटरची गोल तबकडी काय वाटेल ते दाखवते, तिच्यावर विसंबू नका. उष्णतेखालून पळून जायला जागा हवीच, नाहीतर अशक्त कासव दिव्याखालीच भाजून निघेल.

सोबत यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारी) ट्यूब दिवसाला 12 तास. मधे काच नको, कारण काच यूव्हीबी अडवते. खिडकीतलं ऊन त्यामुळेच या कामाला उपयोगी नाही.

खाली लाकडाचा भुसा, वाळलं गवत, बार्कचे तुकडे काही घालू नका. धुळीने नाक आणखी चिडतं. साधा वर्तमानपत्राचा किंवा किचनरोलचा थर घाला. रोज बदलता येतो आणि नाकातून, तोंडातून, खालून काय बाहेर पडलं ते स्वच्छ दिसतं. सेंट्रल हीटिंगने खोली फार कोरडी पडते, तेव्हा दिव्यापासून दूर एक उथळ पाण्याची थाळी ठेवा. मात्र सगळं झाकून दमट करू नका, हवा खेळती राहायला हवी.

पाणी

कासवाचं शरीर उबेला आलं की, म्हणजे काही तासांनी, पहिली अंघोळ. पसरट टबमध्ये 28 ते 30 अंशांचं पाणी. हाताच्या कोपराला किंचित कोमट लागावं एवढंच. पाणी हनुवटीच्या खाली राहिलं पाहिजे, पण मान खाली केली तर पिता यावं. रोज 15 ते 20 मिनिटं, पाणी गार पडू न देता. श्वासाचा त्रास असलेल्या कासवाला टबमध्ये एकटं सोडून चहा करायला जायचं नाही. अशक्तपणात डोकं पाण्यात पडतं आणि ते उचलण्याइतकं बळ नसतं.

पहिल्या काही अंघोळींत बहुतेक कासवं पोटभर पितात आणि लघवी करतात. ते झालं की रक्तातला साठलेला युरिया उतरायला सुरुवात होते. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग बघा. मऊ, दह्यासारखा असेल तर बरं. वाळूसारखा खरखरीत असेल तर शरीर कोरडं पडलंय. दोन-तीन अंघोळींनंतरही ना पाणी पिणं, ना लघवी, तर डॉक्टरांना टोचून किंवा नळीने द्रव द्यावा लागेल. ते घरी करायचं काम नाही.

अंघोळीनंतर टॉवेलने टिपून थेट दिव्याखाली. नाकाभोवतीचा चिकटा सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने बाहेरून पुसा. नाकपुडीत काडी, इअरबड काहीही घालायचं नाही.

डॉक्टर आणि औषध

ऊब आणि पाणी सुरू करतानाच अपॉइंटमेंट घ्या, चार दिवस वाट बघून नव्हे. कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर कासवांचा चांगला डॉक्टर असतोच असं नाही. फोनवरच विचारा: सरपटणारे प्राणी नियमित तपासता का, कासवाच्या फुप्फुसांचा एक्स-रे समोरून घेता का? दुसऱ्या प्रश्नावर पलीकडे शांतता पसरली तर दुसरा दवाखाना शोधा. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सच्या संकेतस्थळावर दवाखाने शोधता येतात. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या डॉक्टरांच्या ‘आराव्ह’ या संघटनेची आंतरराष्ट्रीय यादीही आहे. जाताना कासव हवेशीर खोक्यात, टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवा. ऊब प्रवासातही तुटू द्यायची नाही.

तपासणीत काय व्हावं? तोंड उघडून आत बघणं, तोंडातून स्वॅब घेऊन हर्पिस आणि मायकोप्लाझ्मासाठी पीसीआर, रक्ततपासणी आणि गरजेप्रमाणे एक्स-रे. एक्स-रेत कासव सरळ बसवून समोरून आडवा किरण सोडला की दोन्ही फुप्फुसं शेजारी-शेजारी दिसतात आणि कोणत्या बाजूला काय साचलंय ते कळतं. नुसत्या वरून काढलेल्या फोटोत कवचाच्या सावलीमुळे बरंच लपतं.

स्वॅबचे पैसे जास्त वाटतात, पण ते वाचवू नका. कारण असं: मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलीन किंवा सेफलोस्पोरिन गटातली औषधं त्याला लागूच पडत नाहीत. तिथे एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिनच्या वाटेने जावं लागतं. साध्या जंतूंच्या न्यूमोनियाला सेफ्टाझिडिम हे सेफलोस्पोरिन गटातलं औषध बरं पडतं. विषाणू असेल तर दोन्हींचा थेट उपयोग नाही, वरून होणारा जंतुसंसर्ग तेवढा आटोक्यात राहतो.

इंजेक्शनं घरी द्यायची वेळ आली तर डॉक्टरांसमोर एकदा स्वतः देऊन बघा. ती पुढच्या पायाच्या स्नायूत दिली जातात. मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांतून फिरू शकतं, म्हणून मागचा पाय टाळतात. एकाने कासव धरायचं, दुसऱ्याने पाय हलकेच बाहेर ओढून धरायचा आणि सुई खवल्यातून नव्हे, दोन खवल्यांमधल्या मऊ कातड्यातून घालायची. पुढच्या वेळी दुसरा पाय. एन्रोफ्लॉक्सॅसिनचं इंजेक्शन झोंबतं, स्नायूला इजाही करतं, त्यामुळे ते किती पातळ करायचं आणि किती वेळा द्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. सेफ्टाझिडिम साधारण दर 72 तासांनी देतात, कारण कासवाच्या शरीरात ते सावकाश ओसरतं. रोज द्यायला नको का, असं वाटून आपल्या मनाने वाढवायचं नाही. कोर्स आठवड्यांचा असतो. नाक पाचव्या दिवशी कोरडं झालं म्हणून थांबवलेलं औषध मे महिन्यात परत सुरू करावं लागतं.

नेब्युलायझर (औषधाचं बारीक धुकं करणारं यंत्र) या आजारात फार कामाचा. मुलांच्या दम्यासाठी घरात असतो तोच चालतो, मात्र नंतर मुलांना तो वापरायचा नाही. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्याला एका बाजूला नळीपुरतं भोक, दुसऱ्या बाजूला हवेसाठी दोन-तीन छोटी भोकं. कासव आत ठेवायचं, डॉक्टरांनी सांगितलेलं सलाइन किंवा औषध घालायचं आणि उबदार खोलीत 15-20 मिनिटं चालू ठेवायचं. सुरुवातीला कासव डोकं आत घेतं. दोन-तीन मिनिटांनी धुकं दाटलं की मान हळूच बाहेर येते, नाकाशी बुडबुडे सुटायला लागतात आणि आत अडकलेला घट्ट चिकटा ओघळतो. तो सलाइनने पुसून टाका. घाबरू नका, तो बाहेर यावा म्हणूनच हा खटाटोप.

जे अजिबात करायचं नाही

गरम पाण्याचा वाफारा नको. त्याचे थेंब फुप्फुसापर्यंत पोचण्याइतके बारीक नसतात, आणि भाजण्याचा धोका मोठा. व्हिक्स, निलगिरी, कापूर, ओव्याची पुरचुंडी यांतलं काहीही त्याच्या नाकाजवळ न्यायचं नाही. गावाहून आजीने फोनवर कितीही प्रेमाने सांगितलं तरी हळद-दूधही नाही. माणसांच्या सर्दीच्या गोळ्या, पॅरासिटॅमॉल, उरलेली अँटिबायोटिक्स, सगळं बाद.

आयव्हरमेक्टिन हे कुत्र्या-गुरांचं जंतांचं औषध कासवाला विष आहे, त्याने कासव मरतं. जुन्या पुस्तकांत शीतनिद्रेनंतर सरसकट ‘अ’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला सांगितलेलं सापडतं. पाला खाणाऱ्या या कासवांना त्याची कमतरता सहसा नसते आणि जास्त झालं तर कातडी सोलून निघते. कुणी सुचवलं तर कारण विचारा.

तपासायला म्हणूनही कासव पाठीवर उलटं करून ठेवू नका. फुप्फुसं पाठीकडे असल्यामुळे पोटातलं सगळं ओझं त्यांच्यावर येतं, आणि श्वास आधीच कमी असतो.

खाणं सगळ्यात शेवटी

ऊब आणि पाणी मिळालं की निरोगी कासव उठल्यापासून आठवड्याभरात खायला लागतं. आजाऱ्याला वास येत नाही, त्यामुळे ते अन्न ओळखतच नाही. नाक मोकळं झालं की बरीच कासवं त्याच दिवशी तोंड मारतात, म्हणून खाण्याची वेळ नेब्युलायझरनंतर तासाभराने ठेवा. इंग्लंडात एप्रिलपर्यंत अंगणात डँडेलियन भरपूर असतं, पानं आणि पिवळी फुलं दोन्ही द्या. पिवळा आणि लाल रंग कासवाला खुणावतो. कुंडीतल्या जास्वंदीचं फूल असेल तर त्याहून उत्तम. तुतीची कोवळी पानंही चालतात. पाव, दूध, कुत्र्याचं खाणं, वरणभात नको. केळं आणि टोमॅटो रोजचं खाणं नव्हे. डॉक्टर भूक चाळवायला एखाद-दुसऱ्यांदा चालेल म्हणाले तर गोष्ट वेगळी.

तोंड जबरदस्तीने उघडून खाऊ घालू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनियावर न्यूमोनिया. दहा-बारा दिवस उलटूनही खात नसेल तर डॉक्टर नळीने भरवतात. फार दिवस लागणार असतील तर मानेच्या बाजूने अन्ननलिकेत तेवढ्या काळापुरती पक्की नळी बसवतात. ती दिसायला भयंकर दिसते, पण रोज तोंडाशी होणारी झटापट संपते, औषधही त्यातूनच जातं, आणि नळी असताना कासव स्वतःहून खाऊही शकतं.

घरातली माणसं आणि बाकीची कासवं

कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. साल्मोनेला निरोगी दिसणाऱ्या कासवातही असतो. टब आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना आजारी कासवाला हात लावू देऊ नका.

दुसरी कासवं असतील तर आधी त्यांचं सगळं उरका, मग आजाऱ्याचं. भांडी वेगळी. आणि हर्मन व स्पर-थाय एकत्र ठेवायची असतील तर तो बेत आता कायमचा सोडा. स्पर-थाय हर्पिस घेऊन वरवर ठणठणीत राहू शकतं आणि तोच विषाणू हर्मनचा जीव घेतो. हर्पिस किंवा मायकोप्लाझ्मा निघालेलं कासव बरं दिसलं तरी जन्मभर वाहक राहतं असंच धरून चाला. नवीन कासव घरात आणलं की किमान सहा महिने वेगळं ठेवायचं, जमलं तर एक हिवाळा उलटेपर्यंत.

बरं झालं हे कशावरून, आणि पुढचा हिवाळा

औषध संपल्यावरही नाक कोरडं राहिलं पाहिजे, वजन सावकाश चढलं पाहिजे आणि कासवाने स्वतः दिव्याखाली जाऊन ऊब घेऊन परत यायला हवं. फुप्फुसांत आजार होता तर पुन्हा एक्स-रे. छायाचित्रातली सुधारणा तब्येतीच्या मागून येते, त्यामुळे त्यात थोडं शिल्लक दिसलं म्हणून लगेच खचायचं कारण नाही. बागेत सोडायचं ते दिवसाचं तापमान सलग 20 अंशांच्या आसपास राहायला लागल्यावर, आधी दुपारचे दोन तास, आणि रात्री घरात.

येत्या हिवाळ्यात या कासवाला झोपवायचं नाही. दिवे आणि ऊब लावून ते हिवाळाभर जागं ठेवायचं. विजेचं बिल वाढतं, त्याला इलाज नाही. त्यापुढच्या वर्षी झोपवायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि शीतनिद्रा थोडक्यात उरका. फ्रिजमध्ये 5 अंशांच्या आसपास ठेवा, 3 च्या खाली आणि 8 च्या वर जाऊ देऊ नका. दोन थर्मामीटर लावा, दार रोज क्षणभर उघडून हवा बदला आणि आठवड्याला वजन करा. झोपेत लघवी केलेली दिसली तर तारीख न बघता त्याच दिवशी उठवा. मूत्राशयातलं पाणी हाच त्याचा साठा असतो, आणि तो संपल्यावर झोपलेलं कासव काही दिवसांतच कोरडं पडतं.